माय आमच्या घरी आली तेव्हा

बालाजीच्या गावची पोरगी देव मानत नाही, हे कळलं की आमच्याकडच्या बायांना आधी हसू येतं. मग कीव येते. आणि मग त्या कडेवरचं लेकरू हळूच दुसऱ्या कडेवर घेतात, माझ्यापासून लांबच्या. माझं माहेर देऊळगाव राजाचं, आणि तिथे बालाजीला विचारल्याशिवाय कोणी म्हैससुद्धा विकत नाही. मग ही खोट माझ्यात आली कुठून? सासूबाईंनी, म्हणजे सत्यभामाबाईंनी, त्याचा शोध लावून ठेवला आहे. "जालन्याकडचं पाणी पेलेली हाय ते. तिकडचं पाणीच तसं."

पाणी बिचारं निर्दोष आहे. बुलढाण्याजवळच्या या गावात मी नांदायला आले तेव्हा चांगली भाविक होते. सोमवार शंकराचा, मंगळवार देवीचा, गुरुवार दत्ताचा, शुक्रवार पुन्हा देवीचा, शनिवार मारुतीचा. जेवायला बुधवार आणि रविवार उरत, त्यातही एखादी चतुर्थी आडवी यायची. माझा देव सुटला तो इथे, याच घरात, माझ्या पहिल्या लेकीच्या उशाशी.

तिचं नाव गोदावरी. गोदी.

गोदी चुरुचुरु बोलायला लागली होती तेव्हा तिच्या अंगावर देवीचे फोड आले. आमच्याकडे त्याला आजार म्हणायची सोय नाही. शितळामाय घरी आली, असं म्हणायचं, आणि मोठ्या घरची पाहुणी आल्यावर सगळं घर जसं तिच्या मर्जीवर चालतं तसं चालवायचं. दाराला कडुनिंबाचा डहाळा बांधायचा. घरात तळण नाही, फोडणी नाही. तेलाचा चर्र आवाज मायला खपत नाही. दाढी करायची नाही, पायात वहाण घालायची नाही, नवराबायकोनं एकमेकांकडे बघायचं नाही. डॉक्टरचं तर नावच काढायचं नाही, पाहुणी बसलेली असताना दारात पोलीस बोलावल्यासारखं दिसतं ते. आणि ज्या लेकराच्या अंगात ती आली त्याला त्याच्या नावानं हाक मारायची नाही. त्याला माय म्हणायचं. अहोजाहो करायचं.

मी सगळं केलं. एकही नियम चुकू दिला नाही. "माय, पाणी घ्या." "माय, जरा कूस बदला." गोदीचा घसा आतून सोलून निघाला होता, तरी एकदा तिने डोळे उघडले आणि म्हणाली, "मी माय नाई. मी गोदी हाओ."

सासूबाईंनी हात जोडले. "हाव माय, तुमी म्हनसान तसं."

त्यानंतर तिने कोणाला काही सांगितलं नाही.

पाहुणी गेली. जाताना एकटी गेली नाही. भेटायला आलेल्या बाया जवळजवळ माझं कौतुकच करत होत्या. "मायले आवडली, तिनं नेली. पुण्याईची लेक व्हती तुही." एवढी पुण्याई पदरात पडल्यावर रडणं बरं दिसत नाही, म्हणून मी मागे भांडी घासायला बसायची. घासलेलीच पुन्हा घासायची. मग घरात चौकशी सुरू झाली की चूक कोणाची. चूक कोणाची तरी असलीच पाहिजे, मायची कशी असेल? बऱ्याच दिवसांनी निकाल लागला: पलीकडच्या घरात कोणीतरी कांदा परतला होता आणि वास भिंतीवरून इकडे आला होता.

म्हणजे जी सगळं जग सांभाळते, तिला शेजारचा कांदा सोसला नाही.

मला हसू आलं. गोदी गेल्यावर पहिल्यांदाच हसले मी. सासूबाईंना वाटलं, डोक्यावर परिणाम झाला. मला वाटलं, डोक्यावरचं काहीतरी खाली उतरलं.

वरून मात्र काही दिसू दिलं नाही. देव्हाऱ्यातले देव मी रोज पुसत होते, जसे फळीवरचे डबे पुसतात. कोणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. घरातल्या सुनेला पोळ्या जमतात का हे लोक विचारतात, देव जमतो का हे कोण विचारतं?

मग सुभद्रा झाली. आमची सुभी. गोल हनुवटी, आणि सगळ्याला "नाई" म्हणायची ताजी ताजी शिकलेली विद्या. दूध पिते का? नाई. खाली उतरते का? नाई. मानसुद्धा अशी हलवायची की कानातले डूल गालावर आपटावेत. तिचा वास घेताना माझ्या मनात एकच विचार यायचा: पाहुणी आली तर हिला कुठे लपवू?

त्या उन्हाळ्यात बाजारातून बातमी आली की घाटाखालच्या गावांत माय फिरून राह्यली. महाराष्ट्र होऊन फार दिवस झाले नव्हते, जिल्हा परिषद तर अगदीच नवी, नव्या नवरीसारखी कामाचा उत्साह असलेली. तिने आमच्या गावाला एक टोचणारा पाठवला. माणिकराव त्यांचं नाव. सायकल, खाकी पिशवी आणि काळी छत्री. ते वेशीतून आत आले तशी गावातली सगळी लेकरं एकदम नाहीशी झाली. कडब्यात, कणगीत, माळ्यावर. आमचं घर भाजीवाल्यांचं, त्यामुळे माझ्या जावेचा कचरू मेथीच्या ढिगाखाली गेला आणि सुभी वांग्याच्या पाटीखाली. माणिकराव दारात उभे होते तोवर पाटी आपोआप सरकत होती आणि माझे सासरे हिंमतराव तिच्याकडे न पाहता सांगत होते, "आमच्या घरात लेकरूच नाई साहेब."

कचरूच्या नावाचंही सांगते. माझी थोरली जाऊ बनाबाई. तिची आधीची लेकरं जगली नाहीत. म्हणून याचं नाव कचरू ठेवलं. देवानं नाव ऐकावं, म्हणावं, कचराच आहे, पडू दे तिथंच. जो सगळं जाणतो त्याला एवढ्याशा नावानं फसवता येतं, हे आमच्याकडे लहानथोर सगळ्यांना ठाऊक आहे. फक्त त्याला एकट्याला ठाऊक नाही. पोरगा मात्र लाखात एक. बनाबाई त्याला कडेवरून खाली ठेवायची नाही, आणि तोही तिच्या कानाची पाळी चोखत तसाच बसून राहायचा.

गावानं हाकललेले माणिकराव शिवेवरच्या मोठ्या कडुनिंबाखाली जाऊन बसले. निंबाच्या पलीकडे बौद्धपुरा. तिथल्या लोकांनी रांग लावून आपली लेकरं टोचून घेतली. हे मला जनकाबाईनं सांगितलं. ती आमच्या मळ्यात निंदायला यायची.

मी विचारलं, "भेव नाही वाटलं तुम्हाला? मायचं?"

तिनं विळा थांबवला नाही. "बाई, आमी धर्म बदलला तवा घरातले सगळे देव टोपल्यात भरले अन् नदीत सोडले. खंडोबा, मरीमाय, सगळे. माह्या सासूचे पाय लटलट कापत व्हते. म्हने, उद्याची सकाळ दिसत नाई आपल्याले. सकाळ झाली. सासू उठली, चहा मांडला, म्हने साखर कुठी हाय. आता सांग, एवढे देव सोडून बसलेलं माणूस सुईले भेईन?"

सुभी वाफ्यात बसून माती खात होती.

जनकाबाईनं एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. "मोठीचं आयकलं व्हतं म्या. आनाची असन त आन. निंबाखाली कोणाचे सासूसासरे येत नाई."

दुसऱ्या दिवशी मळ्यात भाकरी पोचवायच्या निमित्तानं मी सुभीला घेऊन गेले. माणिकरावांनी तिची बाही वर केली तशी मी म्हटलं, "दंडावर नको. मांडीवर."

"काऊन? दंडावर टोचाची रीत हाय."

"दंड सासूला दिसतो."

त्यांनी बाही खाली केली. "मांडीवर बी लागते. फक्त खाजवू देऊ नका पोरीले." मग त्यांनी पिशवीतली दांडीला बसवलेली दातेरी चकती दिव्यावर धरली, गार केली, आणि टोचायच्या आधी कपाळाला लावून डोळे मिटले. ओठ हलले.

"तुम्हीसुद्धा?" मी विचारलं.

"बाई, तिच्याच इलाख्यात नोकरी करतो. साहेबाच्या आधी तिले सलाम करून ठेवलेला बरा."

चकती फिरली. सुभी अशी किंचाळली की निंबावरचे पोपट उडाले. मी तिला छातीशी धरून परत येताना रस्ताभर तिला तिच्याच नावानं हाका मारत होते. सुभे, सुभद्रे, सुभाबाई. ती रडत रडत "नाई" म्हणत होती.

मांडीवर फोड आला, झबल्याखाली झाकून राहिला. ताप आला, तो मी दातांवर ढकलला. पण दीड वर्षाच्या लेकराला खाजवू नको म्हणणं म्हणजे माकडाला देठ तोडू नको म्हणणं. एका सकाळी सासूबाई तिला मांडीवर घेऊन बसल्या होत्या आणि त्यांचा हात तिच्या हनुवटीवर थांबला. हनुवटीवर दोन फोड होते. टपोरे, पाणी भरलेले.

"माय आली," सासूबाई म्हणाल्या. आवाज आनंदाचा की भीतीचा ते त्यांनाही कळलं नसावं. "माय आली वं! चुलीवरचं तेल उतरव आधी!"

मी तेल उतरवलं. सुईचेच फोड असतील हे डोकं सांगत होतं, पण गोदीचेही असेच सुरू झाले होते. अशा वेळी देव मानणाऱ्या बाईला हात जोडायला तरी कोणी असतं. मला तेही नव्हतं. देव सोडण्यात एवढीच एक गैरसोय आहे, आणि ती आधी कोणी सांगत नाही.

नशीब की सासूबाईंनीच मला निंबाचा पाला आणायला पिटाळलं. मी धावतच शिवेवर गेले. माणिकरावांनी विचारलं, "अंगभर हाय का? तळहात, तळपाय?"

"नाही. मांडीवरचा तो, आणि हनुवटीवर दोन."

"खाजवलं तिनं. मांडीचं बोट हनुवटीले लागलं, दुसरं काही नाई. टोच झकास लागली, आता तिले काही होत नाई." मग छत्रीनं गावाकडे बोट दाखवलं. "बाकीच्या लेकरायचं पाहा. घाटाखाली खरी बीमारी हाय. म्या परवा सकाळी तिकडंच जातो."

मी पाला घेऊन परत आले तेव्हा आमच्या घराचं देऊळ झालं होतं.

सुभीला पाटावर बसवलं होतं, डोक्यावर ओला पदर. आळीतल्या बाया दहीभाताच्या वाट्या घेऊन एकामागून एक येत होत्या, तिच्या पायावर डोकं ठेवत होत्या. शितळामायचं वाहन गाढव, म्हणून कुंभाराचं गाढव आणून दारात बांधलं होतं आणि त्याला भिजवलेले हरभरे चालू होते. माझ्या लेकीला ताप, घरच्यांना अळणी वरण, आणि गाढवाला हरभरे. देवाच्या राज्यात न्याय नाही असं कोण म्हणतं?

नवऱ्याला सांगणं भाग होतं. शालिग्राम बुलढाण्याहून भाजी विकून आले, तर मायच्या नियमानं एकमेकांकडे बघायचं नाही. ते गोठ्याच्या भिंतीकडे तोंड करून उभे, मी विहिरीकडे. तसंच सगळं सांगितलं.

गोठ्याच्या भिंतीनं विचारलं, "पोरगी वाचली ना?"

"वाचली."

"मंग गप राह्य. मान मायले भेटू दे, आपल्याले पोरगी भेटली. काय बिघडलं?"

बिघडलं काहीच नव्हतं. मी गप्प राहिले असते. देवीला फुकटचं श्रेय जायची ही काही पहिली वेळ नव्हती. पण माझ्या डोळ्यांसमोर कचरू होता. माय घरी आली, हलक्या पावलानं आली, आता या घरावर तिची नजर आहे, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं. ज्या घराला मायनंच हात लावला त्या घराला सुई कशाला? दुसऱ्या दिवशी मी बनाबाईला आडावर गाठलं. "जाऊबाई, कचरूला टोचून आणा. निंबाखाली तो माणूस आहे, उद्या जाणार आहे."

तिनं घागर तशीच धरून ठेवली. तिच्या मनात होतं. "माह्या मनात येते वं. पण माय घरात असतानी? दोन गेले माहे. तिसऱ्याच्या वक्ती म्या तिले डिवचू?" आणि मग तिचा चेहरा एकदम उजळला. "असं करतो. मायलेच इचारतो."

माय तेव्हा पाटावर बसून दहीभात गाढवाच्या दिशेनं फेकत होती.

मायला काहीही विचारायची पद्धत तोवर पडलीच होती. सकाळी हिंमतरावांनी हात जोडून विचारलं होतं, "माय, औंदा मिरची लावू का कांदा?" सुभीनं दोन्ही हात वर केले. सासूबाईंनी अर्थ लावला, "दोनी लाव म्हन्ते." म्हाताऱ्या मंजुळाबाईनं विचारलं, "माय, माह्या गुडघ्याचं काय?" माय शिंकली. मंजुळाबाईला त्याच क्षणी गुडघ्यात हलकं वाटलं.

दुपारी उन्हं कलली तशी बनाबाई कचरूला घेऊन पाटासमोर बसली. आळीतल्या बऱ्याच बाया होत्या, आणि त्यांच्या कडेवर लेकरं होती. प्रश्न एकटीचा नव्हता, हे त्या कशा पुढे सरकून बसल्या त्यावरून कळत होतं.

मी सुभीच्या मागे बसले होते. खोटं कशाला सांगू, मनात आलं की हिच्या मानेला मागून जरा बोट लावावं. एक होकार. देवीच्या तोंडून सगळी लेकरं सुईखाली जातील. सुभीचा घाम आलेला मानेचा खळगा माझ्यासमोर होता. पण माझा हात उठला नाही. गोदीच्या तोंडून आम्ही मायला बोलायला लावलं, आता हिच्याही तोंडून लावायचं?

"माय," बनाबाई म्हणाली, "कचऱ्याले टोचून आनू का वं?"

सुभीनं तिच्याकडे पाहिलं. कचरूकडे पाहिलं. आणि डूल गालावर आपटेपर्यंत मान हलवली. "नाई."

"नाई म्हन्ते!" सासूबाई म्हणाल्या. "आयकलं ना साऱ्यायनं? खुद्द मायनं सांगतलं."

बायांनी कपाळाला हात लावले. कोणी सुटकेचा श्वास टाकला. बनाबाईनं कचरूला घट्ट धरलं आणि मान खाली घातली. ते डोकं असं खाली गेलेलं मी आधीही पाहिलं होतं, दोनदा.

मी उठले, सैपाकघरात गेले. चूल पेटलेलीच होती, मायच्या आंघोळीच्या पाण्यात निंब उकळायला. मी ते पातेलं उतरवलं, कढई ठेवली, तेल ओतलं. तापल्यावर मोहरी टाकली, लसूण टाकला, लाल मिरच्या मोडून टाकल्या. चांगल्या मूठभर. दोन दिवसांच्या अळणी घरात ती फोडणी अशी उठली की भिंतींनासुद्धा ठसका लागावा. मग वरण त्यात ओतलं. चर्र.

बाहेर सगळा दरबार खोकायला लागला.

"काऊन वं!" सासूबाई पदर नाकाला लावून दारात. "येडी झाली का तू? माय बसेल हाय घरात!"

"माय नाही बसलेली, आत्याबाई. सुभी बसली आहे." मी त्यांच्या बाजूनं बाहेर आले, सुभीला पाटावरून उचललं, तिचं झबलं वर केलं. मांडीवरची खपली सगळ्यांना दिसली, गोल, मधे खोलगट. ज्या बायांच्या दंडावर लहानपणीच्या टोचल्याच्या खुणा होत्या त्यांना दुसरं काही सांगायची गरज नव्हती. "मी टोचून आणली हिला. निंबाखाली. हनुवटीचे फोड त्याच सुईचे आहेत, हिनं खाजवून लावून घेतलेले."

सगळ्यांत आधी मंजुळाबाईचाच आवाज आला, "आन त्या गाढवानं एवढे हरभरे खाल्ले ते?"

एक पोरगी फस्सकन हसली. तिला तिच्या आईनं चिमटा काढला.

सासूबाई खाली बसल्या. "दोन दिस म्या सुईच्या पाया पडली?" त्या म्हणाल्या. आणि मग खरी भीती त्यांच्या तोंडावर आली. "कोपीन ते. अन्नपूर्णे, कोपीन वं आता. घरदार जाळीन."

"कोपली तर माझ्यावर कोपेल," मी म्हटलं. मला खूप रडू येत होतं आणि मिरचीमुळे ते कोणाला ओळखू येत नव्हतं. "टोचून मी आणलं. फोडणी मी दिली. यात दुसऱ्या कोणाचा हात नाही. जी माय लेकराला घेऊन जायला येते आणि त्याला त्याचं नावसुद्धा राहू देत नाही, तिला मी मानत नाही. गोदी गेली तेव्हापासून मानत नाही. तिला सांगा, तिच्याशी कोणी बोलत असेल तर."

बाया उठल्या. वाट्या तशाच ठेवून गेल्या. त्या सगळ्यांच्या पाठी पाहताना मला कळलं की मी एक घर तोडलं, आणि कचरूचं काहीच झालं नाही. सुभी मात्र फोडणीचं वरण दोन्ही हातांनी चाटूनपुसून खात होती. तिला कोणी विचारलं नव्हतं, म्हणून ती नाई म्हणाली नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडलं तेव्हा मी अंगण झाडत होते. बनाबाई दारातून बाहेर आली, कचरू कडेवर. माझ्याकडे न बघता म्हणाली, "चाल."

"कुठे?"

"कुठी म्हन्जे? तो छत्रीवाला आज जाते ना?"

मी झाडू टाकला. रस्त्यानं ती झपझप पुढे चालत होती. निंबाखाली माणिकराव पिशवी भरत होते, जनकाबाई विळा घेऊन कामाला निघाली होती, ती आम्हाला पाहून थांबली. बनाबाईनं कचरू कडेवरून सोडवला आणि माझ्या हातात दिला. तो वजनदार होता, झोपेतून उठवलेला, गरम.

"तू धर," ती म्हणाली. "काल तूच बोलली साऱ्यायसमोर, दुसऱ्या कोणाचा हात नाई म्हनून. मंग तूच टोचून घे त्याले. म्या आनला नाई. म्या पाह्यलंही नाई." आणि तिनं पाठ फिरवली, डोळे मिटले, आणि आभाळाकडे तोंड करून ठणठणीत आवाजात म्हणाली, "माय, पाहून ठेव वं! हे अन्नपूर्णा करून राह्यली, म्या नाई!"

माणिकरावांनी चकती कपाळाला लावली. कचरू असा ओरडला की बनाबाईचे खांदे कानापर्यंत गेले, पण ती वळली नाही.

मी वळले तेव्हा गावाच्या वाटेवर बाया दिसल्या. एक, मग तिच्या मागे दोन, मग आणखी. बौद्धपुऱ्याच्या शिवेवर पाय टाकताना प्रत्येक बाई जरा अडखळत होती आणि मग लेकरू पुढे करत होती. माझ्याकडे. माणिकरावांकडे नाही. "तू धर वं." "तुह्याच हातानं होऊ दे." आणि लगेच पाठ फिरवून आभाळाला माझं नाव, नवऱ्याचं नाव, घराची खूण. त्या सकाळी मायला माझा पत्ता इतक्या वेळा मिळाला की पोस्टमनलाही मिळाला नसेल.

जनकाबाई निंबाला टेकून पाहत होती. "एवढं पाप कुठी ठेवशीन बाई?" तिनं विचारलं आणि विळा बाजूला ठेवून एका लेकराचा हात धरायला पुढे आली. त्याची आई क्षणभर बघत राहिली, मग तिनंही डोळे मिटून घेतले. डोळे मिटल्यावर बऱ्याच गोष्टी सोप्या होतात.

सासूबाई आल्या होत्या. वाटेच्या वळणावर, बोराटीच्या आडोशाला, एकट्याच उभ्या होत्या. जवळ येत नव्हत्या. हात जोडलेले आणि ओठ सारखे हलत होते. मला वाटलं, शाप देतायत. द्याव्यात, त्यांचा हक्क होता.

बनाबाई तोवर मोकळी झाली होती. कचरूला छातीशी धरून ती त्यांच्याजवळून जाऊन आली.

"काय म्हणतायत?" मी विचारलं. माझ्या हातात तेव्हा मंजुळाबाईचा नातू होता आणि त्यानं माझा पदर ओला केला होता.

बनाबाईनं आधी सांगायचं टाळलं. मग म्हणाली, "मायले सांगून राह्यल्या. म्हने, पोरगी येडी हाय, पह्यली लेक गेल्यापासून तिचं डोकं ठिकाणावर नाई. तिचं बोलनं मनावर घेऊ नको. कोपाचंच असन त माह्यावर कोप, मी म्हातारी हाओ."

आता याला काय म्हणावं? जिला मी मानत नाही, तिच्या दरबारात माझ्यासाठी एवढा मोठा वशिला लावला जात होता. जाऊन सांगावं, आत्याबाई, कोणी कोपत नाही, कोपायला तिथं कोणी नाही? सांगून त्यांचे जुळलेले हात सुटले असते का, कोण जाणे. मी तिकडे पाहत राहिले. त्यांनीही पाहिलं, आणि पटकन पदर तोंडाला लावला.

"बाई," माणिकराव म्हणाले, "लेकराचा हात सोडला तुमी."

मी त्याचा हात पुन्हा नीट धरला.